कुलूप मी फोडले

मी, वय वर्षे ५२, धंदा शिवणकाम, राहणार शाळेमागील वस्ती, जावयाच्या घरी. आज सकाळी आपण होऊन पोलीस ठाण्यात आले असून विचारल्यावरून सांगते की,

माझ्या मुलीचे हे पहिलेच बाळंतपण. मंगळवारी सकाळी आठ वाजता ती घरीच मोकळी झाली. मुलगी झाली, रडली. वार पडली, पण रक्त थांबेना. जावई कामावर गेला होता. तिसरी चादर भिजली तेव्हा शेजाऱ्यांनी तिला खाटेवर घालून शाळेत नेले.

शाळेत परदेशातून आलेल्या डॉक्टरकीच्या विद्यार्थ्यांचे शिबिर आहे. त्यांचे मोठे डॉक्टर बाकीच्यांना गाडीत घेऊन पुढच्या वस्तीवर गेले होते. मागे एकच विद्यार्थिनी होती, वय बावीस-तेवीस. तिला आपली भाषा येत नाही. तिचे बोलणे शाळेतल्या बाई आम्हाला सांगत होत्या.

ती म्हणाली, "मी अजून डॉक्टर नाही. हिला मोठ्या दवाखान्यात न्या."

मी म्हटले, "कशात घालून नेऊ? पाठीवर?"

फोन लागत नव्हता. ती डॉक्टरांना बोलवायला धावत निघाली. मी दारात आडवी झाले. तिचे पाय धरले. "माझी पोर जातेय, आणि तू चाललीस कुठे?"

ती मागे फिरली. मुलीच्या पोटावर मूठ दाबून धरली. रक्त थांबवायचे इंजेक्शन पेटीत आहे, किल्ली डॉक्टरांकडे आहे, त्यांना विचारल्याशिवाय मला देता येत नाही, असे तिने सांगितले. मी बाहेरून दगड आणून कुलूप फोडले. चौथ्या घावाला तुटले. ते तिने फोडले असे जावयाने फिर्यादीत लिहून दिले आहे. तो तिथे नव्हता.

बाटलीवरचे तिने तीनदा वाचले, मग सुई टोचली. रक्त कमी झाले. मुलगी बोलली, "आई, बाळाला पांघरूण घातलंस ना?" मी हो म्हटले. बाळ शेजारणीकडे होते. घातले होते की नाही, मला ठाऊक नाही.

अकरा वाजता गाडी परत आली. तिच्यातून मुलीला मोठ्या दवाखान्यात न्यायला निघालो, ती विद्यार्थिनी पोटावर मूठ दाबून सोबत बसली. वाटेत रक्त पुन्हा सुरू झाले. दवाखाना यायच्या आधीच मुलगी गेली. मला कळले. त्या पोरीलाही कळले असावे. तिने मूठ काढली नाही. दवाखान्याच्या दारात दोघांनी मिळून तिचा हात सोडवला.

दोन दिवस त्या विद्यार्थिनीला इथे बसवून ठेवले आहे. तिने काही वाईट केले नाही. तिला आम्ही जाऊ दिले नाही. कुलपाचा जो काय गुन्हा असेल तो माझ्यावर घाला.

मी इथे येऊ नये असे जावयाचे म्हणणे होते. "आई, तुम्ही तिच्या बाजूने बोललात तर घरी यायचं नाही. पोरीचं तोंडही दिसणार नाही तुम्हाला." तो बाहेर बाकावर बसला आहे. बाळ त्याच्या बहिणीकडे आहे. मी नातीला अजून नीट पाहिलेले नाही.

हा जबाब मला सावकाश वाचून दाखवला. मी बोलले तसाच तो उतरला आहे. त्यातले काही मागे घ्यायचे नाही. खाली अंगठा दिला आहे.