घंटेची पाळी

मी घनश्याम रामराव देवतळे, वय ४६ वर्षे, धंदा मास्तरकी, राहणार मौजे सावरखडी, तालुका पुसद, जिल्हा यवतमाळ. जमादारसाहेबांसमोर हजर राहून, कोणाच्या दडपणाखाली न येता, सांगतो ते असे :

सावरखडीच्या शाळेत आम्ही तिघे शिक्षक. हेडमास्तर डोमाजी कुबडे, मी, आणि दोन वर्षांपूर्वी आलेला भीमसिंग राठोड. भीमसिंग बंजारा तांड्यातला असून ट्रेनिंग पास होता. मी ट्रेनिंगला गेलेलो नाही. मला गरज पडली नाही.

शाळेच्या कचेरीत हाताची खुर्ची एकच आहे. हेडमास्तर मूळव्याधीमुळे गादीवर बसतात, म्हणून खुर्ची माझ्याकडे असे. गेल्या दिवाळीआधी तपासणीला आलेल्या डिप्टी साहेबांनी भीमसिंगचा वर्ग पाहून, "खुर्ची यांना द्या," असे सांगितले. मला स्टूल मिळाले. त्याबद्दल माझ्या मनात काही नाही. तेव्हापासून मी त्याच्याशी बोलत नव्हतो, एवढेच.

पटांगणातल्या आंब्याला रुळाचा तुकडा टांगला आहे, तीच घंटा. शिक्षकांनी आठवड्याच्या पाळीने ती द्यावी असा रिवाज आहे. भीमसिंग होळीला रजेवर गेला. मुलाची पहिली होळी होती. त्यांच्यात तेव्हा धुंड नावाचा समारंभ करतात. तो नसताना घंटेच्या वरच्या फांदीवर, पानांच्या आड, आग्या मोहोळ बसले. हेडमास्तरांनी तोंडी हुकूम केला की घंटा देऊ नये, टाळी वाजवून मुले सोडावी.

हे भीमसिंगला कोणी सांगायचे यावर आमचे बोलणे झाले. हेडमास्तर म्हणाले, "तुमी सांगा." मी म्हणालो, "माहं त्याचं बोलनं नाही, साहेब." ते म्हणाले, "मंग राहू द्या."

सोमवारी शाळा भरल्यावर भीमसिंग तांड्यावरून चालत आला. धुंडीच्या पुऱ्या आणल्या होत्या. "घ्या गुरुजी, पोराच्या नावाच्या हायेत," म्हणाला. आम्ही घेतल्या. गाईला घातल्या. अन्न वाया जाऊ दिले नाही.

मधल्या सुट्टीच्या वेळी त्याने कचेरीच्या दारात येऊन विचारले, "घंटा कोन देऊन राह्यलं आज?"

हेडमास्तर म्हणाले, "पाळी तुमचीच, राठोड. खुर्चीवाल्यानंच इचारावं काय?"

मी हसलो. "दणकून द्या, तांड्यावर आयकू गेली पाह्यजे," असे हेडमास्तर म्हणाले की मी, हे आता नक्की आठवत नाही. हसल्याचे आठवते.

आपल्या वर्गाला पाढा लावून देऊन तो घंटेकडे गेला. घंटा दणकूनच दिली.

माश्या उठल्या. तो धावत आला, आपल्या वर्गाचे दार त्याने बाहेरून ओढून घेतले आणि आमच्याकडे आला. विचारल्यावरून सांगतो की, कचेरीची कडी घंटेच्या अगोदरच लावलेली होती. आम्हाला चहा घ्यायचा होता.

"कडी काढा गुरुजी," तो म्हणाला. हेडमास्तर म्हणाले, "उघडू नोका, आत घुसतीन." ते माश्यांविषयी बोलत होते. भीमसिंगने मग माझे नाव घेऊन हाका मारल्या. आमचे बोलणे नसल्याने मी उत्तर दिले नाही. पुढे तो त्यांच्या बोलीत "याडी, याडी" म्हणू लागला. याचा अर्थ आई असा होतो असे कळते.

दार फार हलू लागले, म्हणून मी हाताची खुर्ची दाराला टेकवली आणि तिच्यावर बसलो. तपासणीनंतर पहिल्यांदाच. काही वेळाने दार हलायचे थांबले. त्याचा वर्ग मात्र पाढा म्हणतच होता. थांबा म्हणणारे कोणी नव्हते. मुलांना शिस्त चांगली होती हे मी मान्य करतो.

पुसदच्या दवाखान्यात नेताना तो बैलगाडीत वारला असे ऐकले. त्याची बायको लालीबाई तान्हे मूल घेऊन शाळेत आली होती. "कडी कोनं लावली होती?" एवढेच विचारत होती. मी वर्गात होतो. भेट झाली नाही.

भीमसिंगशी माझे वैर नव्हते. पंचनाम्यात खुर्ची ठाण्यात आणली आहे. नवीन शिक्षक हजर होण्याआधी ती परत मिळावी, ही विनंती.

जबाब जमादारसाहेबांनी मोठ्याने वाचला, मी बसून ऐकला. सांगितले तेच उतरले आहे. त्यात कमी काही नाही, जास्त काही नाही.

सही : घ. रा. देवतळे