मागचा कॅमेरा आणि नानांची बाज

गाडीचा कॅमेरा निवडताना नानांनी मला किती छळलं, ते ऐकाच. नाना म्हणजे माझे मोठे काका. धुळ्यातल्या आमच्या घरात त्यांचाच शब्द शेवटचा. मी म्हटलं, कॅमेरे पुढे आणि मागे दोन्हीकडे हवेत, आणि गाडी बंद असतानाही रेकॉर्डिंग चालू राहील असं वायरिंग हवं.

"उभी गाडीले मांगून काय व्हई?" मागचा कॅमेरा कशाला, म्हणून नाना अहिराणीत हसले.

मी न विचारता दोन्ही बसवून घेतले.

आठच दिवसांत मागच्या बंपरवर लांब ओरखडा! नानांनी थेट शेजारच्या सलीमभाईंच्या टेम्पोवर आळ घेतला.

सलीमभाई म्हणाले, "नाना, इतक्या वर्षांचा शेजार. मी धडक देऊन गप्प बसेन?"

"आजपासून बोलणं बंद!"

मी म्हटलं, "थांबा." मोबाईल काढला आणि अंगणातच दोघांना रेकॉर्डिंग दाखवलं. भर दुपारी नाना बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घातलेली बाज सावलीतून उन्हात ओढत होते. बाजेचा पाय बंपरला करकर घासत गेला, पण नानांचं सगळं लक्ष तोंडातल्या अर्धवट ओल्या बिबड्यात.

सलीमभाईंनी शांतपणे विचारलं, "नाना, मीठ बरोबर पडलंय ना?"

नाना आत गेले, ताटभर बिबडे आणून त्यांच्या हातात दिले. म्हणाले, "चुकलो, भाऊ."

संध्याकाळी चाळीसगावच्या धाकट्या भावाला ते फोनवर बजावत होते, "मांगला कॅमेरा पहिले लावजो. आमनी पोरनी पसंती शे!"