लॉजच्या पंगतीतली वांग्याची भाजी

इंग्रजांच्या वेळी गोंदियात आमचं फ्रीमेसन मंडळींचं एक लॉज होतं, म्हणजे बंधुभाव मानणाऱ्यांचं मंडळ. धर्म कोणताही असो, आत आला की तो भाऊ! वार्षिक जेवणात कुणाचा धर्म आड येऊ नये म्हणून मी मटण, मासळी, कांदा-लसूण सगळं वगळून स्वतः वांग्याची भाजी रांधली. सालेकशाचे मडावीभाऊ आमच्यातले पहिलेच गोंड. त्यांनी एक घास घेतला आणि ताट सरकवलं. मी लगबगीनं त्यांच्यापाशी गेलो.

"काऊन जी मडावीभाऊ, तुमच्या देवाले वांगं चालत नाही का?"

"देवाले चालते जी, मलेच नाही चालत. मीठ किती टाकलं तुम्ही!"

तोवर दोनदा भाजी वाढून घेतलेले खानसाहेब हळूच म्हणाले, "भाई, मैं तो प्रसाद समझकर निगल रहा था."