गोल कोपऱ्यांची पाटी

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे बाळाला मांडीवर घेऊन मी बसले होते. शेजारी एक वयस्क काचवाले, बोटाला पट्टी. सोबत त्यांची मुलगी. तिने दुकानाच्या नव्या पाटीचा नमुना मोबाइलभर मोठा करून वडिलांसमोर धरला. ठसठशीत अक्षरं माझ्या खुर्चीवरूनही वाचता येत होती: 'बाप-लेक काचवाले', एवढंच.

"बघा बाबा, कशी जाडजूड अक्षरं घेतलीत."

"जाडजूड कसली, चांगली बाळसेदार आहेत."

"आणि कोपरे सगळे गोल."

"हो ना. घासलेल्या काचेसारखे. हात फिरवला तरी कापायचं नाही."

"म्हणजे नीट दिसतंय?"

"न दिसायला काय झालं? बोट काय, तरण्या कारागिराचंही कापतं. उगीच आणलंस इथे."

"मग वाचा बघू."

"आता माझी परीक्षा घेणार तू?"

"वाचा हो. नीट वाचलंत, तर उद्यापासून काच तुम्हीच कापा. मी चकार शब्द काढणार नाही."

"नक्की?"

"नक्की."

"मग ऐक. 'काचा आणि आरसे कापून, घासून मिळतील.' झालं समाधान?"

तिने मोबाइल खाली घेतला.

"अगं, बरोबर ना?"

"बाबा, उद्यापासून काच मी कापते. तुम्ही गिऱ्हाइकांशी बोला."

"का म्हणून?"

"पाटीवर तसंच लिहिलंय."

त्यांनी बोटावरची पट्टी नीट केली.

"चहा आणू बाबा?"

"नको. अक्षरं मात्र छान निवडलीस हं."