मास्तरांचं माप

(रोज सकाळी आठ वाजता येणारा फोन.)

मास्तर : …चारशे बारा. थांबा, थांबा. साडेअकरा. चारशे साडेअकरा मिलिमीटर.

मातीवाली : काल बारा होतं, मास्तर. दोनदा मोजलंत ना?

मास्तर : बाई, चाळीस वर्षं शिंपीकाम केलंय. गिऱ्हाईक श्वास आत ओढून उभं राहिलं तरी मला त्याचं खरं पोट कळायचं. भेगेच्या दोन्ही काठांवर ठोकलेल्या तुमच्या या दोन लोखंडी खुंट्या तर श्वाससुद्धा घेत नाहीत.

मातीवाली : घेतात. उन्हाने तापल्या की जरा फुगतात, गारव्याने आक्रसतात. म्हणून तर रोज एकाच वेळी मोजा म्हणते. अर्ध्या-एकाचा फरक पडायचाच.

मास्तर : मग ठीक. एक विचारू का? राग मानू नका. आमच्या परसातली ही भेग तुम्हाला वाढायला हवी आहे, की नको आहे?

मातीवाली : खरं सांगू? प्रबंधाला हवी आहे. तुमच्यासाठी नको आहे.

मास्तर : म्हणजे मुलीकडच्याही तुम्हीच आणि मुलाकडच्याही तुम्हीच.

मातीवाली : काय करू? डोंगरउतार घसरायच्या आधी काय काय खुणा देतो, हा माझा विषय. आणि सरांनी काल सगळ्यांसमोर ऐकवलं. तीन वर्षांची शिष्यवृत्ती संपत आली आणि हिच्या हाती काय, तर एक आळशी टेकडी!

मास्तर : ढकलू का जरा मागून?

मातीवाली : मास्तर!

मास्तर : बरं, या मातीच्या शिक्षणाला पुढे काय असतं? नाही, आमची ही विचारत होती. म्हणाली, एवढी शिकलेली मुलगी, रोज सकाळी आपल्या परसाची चौकशी करते. हिचं पुढे व्हायचं कसं?

मातीवाली : काकूंना सांगा, पुष्कळ असतं. बोगदे, धरणं, पूल, खाणी. समुद्रात पवनचक्क्या उभारतात, त्यांचे पाये. जमिनीवर काहीही उभं करायचं तर आधी आमच्यापैकी कुणाला तरी विचारावं लागतं, की बाबा, ही जमीन सोसेल का? माझ्या वर्गातली निम्मी मुलं बोगद्यांत आहेत.

मास्तर : आणि बाकीची?

मातीवाली : बाकीची संशोधनात. त्यांच्याकडे अशा आळशी टेकड्या असतात. पण मास्तर, एक परत सांगते. चारशे तीस झालं की आठ वाजायची वाट बघायची नाही. लगेच मला कळवायचं. मग नगरपालिका घर रिकामं करायला सांगेल.

मास्तर : रिकामं म्हणजे?

मातीवाली : तुम्ही दोघं आधी टेकडीपासून लांबच्या शाळेत. मग दुसरी सोय होईल तिथे.

मास्तर : हिला घेऊन?

मातीवाली : काकूंना घेऊनच.

मास्तर : बाई, तुम्ही आमच्याकडे दोनदा चहा घेतलात. हिला दिसत नाही हे तुमच्या कधी लक्षात आलं?

मातीवाली : दुसऱ्यांदा. काकूंनी कप तुमच्या हातात न देता शेजारी ठेवला तेव्हा.

मास्तर : बघा. ओट्यापासून मागच्या दारापर्यंत सात पावलं, दारापासून नळापर्यंत अकरा. सगळं घर तिच्या पायांना पाठ आहे. भाजी चिरते, सुईत दोरा ओवते, माझ्यावर ओरडायला बरोबर माझ्याकडे तोंड करते. तिला दुसऱ्या घरात नेलं ना, की त्या दिवशी ती आंधळी होईल.

मातीवाली : …नाही वाढणार, मास्तर. आळशीच आहे ती.

* * *

मास्तर : चारशे चौदा.

मातीवाली : परत चौदा? छान. स्थिरावली म्हणायची. मास्तर, आज बातमी आहे. मला नोकरी लागली.

मास्तर : अरे वा! कुठे?

मातीवाली : बोगदे खणणारी मोठी कंपनी आहे, परदेशात. नदीखालून रेल्वे नेतायत. एक तारखेला हजर व्हायचं. घरचे आनंदात आहेत. आईने तर ज्यांच्याशी बोलणं टाकलं होतं त्यांनाही फोन करून सांगितलं.

मास्तर : व्हायलाच पाहिजे होतं! अगं, ऐकलंस का? आपल्या मातीवाल्या बाईंना नोकरी लागली, नदीच्या खाली!

काकू : नदीच्या खाली? तिथे पाणी गळणार नाही का?

मातीवाली : गळू नये हेच बघायचा पगार देणार आहेत, काकू.

मास्तर : मग… हा फोन कोण करणार आता?

मातीवाली : तेच सांगायचं होतं. कुणीच नाही, मास्तर. शिष्यवृत्ती संपली की प्रकल्प संपला. खुंट्या राहू द्या तशाच. आणि तसंही इतके दिवस चौदाच आहे.

मास्तर : हो. चौदाच आहे.

मातीवाली : तुमचा आवाज बसलाय का?

मास्तर : नाही हो. तोंडात टाचण्या होत्या.

* * *

काकू : हॅलो? मातीवालीच ना गं? मी मास्तरांची बायको. ते दोरे आणायला गेलेत, म्हणून शेजारणीकडून नंबर लावून घेतला. येतील इतक्यात, तेव्हा मधे बोलू नकोस, ऐक.

मातीवाली : बोला, काकू.

काकू : ते तुला रोज काय आकडा सांगतात?

मातीवाली : चारशे चौदा.

काकू : मला आकड्यांतलं कळत नाही. पण त्या भेगेत आधी माझी करंगळी जायची. आता अंगठा जातो, आणि वर जागा उरते.

मातीवाली : काय?

काकू : म्हटलं ना, मधे बोलू नकोस. मागचं दार वरच्या कोपऱ्यात घासतंय. हे म्हणतात, लाकूड फुगलं. पाऊस जाऊन किती दिवस झाले? फुगलेलं लाकूड एव्हाना सुकायला नको? आणि नळापर्यंत माझी अकरा पावलं आहेत. चार दिवस झाले, अकरावं पाऊल खाली पडतंय. चार बोटं खाली. कालच्यापेक्षा आज जास्त.

मातीवाली : काकू, तुम्ही पडला तर नाहीत?

काकू : पडले. त्यांना सांगितलं, साबणावरून घसरले. ते मला खोटं सांगतात, मी त्यांना खोटं सांगते. पन्नास वर्षांचा संसार असाच होतो, पण त्यात टेकडी मधे आली नव्हती कधी. माझ्यासाठी करतायत ते, मला कळतं. पण मेलेल्या माणसाला पावलं पाठ असून उपयोग काय? त्यांना रागावू नकोस हं. आणि मी सांगितलं म्हणून सांगू नकोस.

मातीवाली : नाही सांगणार. काकू, आता परसात जायचं नाही. पुढच्या खोलीत बसा. मी येते.

काकू : आले वाटतं ते. चप्पल वाजली. ठेवते.

* * *

मास्तर : आत्ता? अकरा वाजता? सकाळी तर सांगितला आकडा. चारशे चौदा.

मातीवाली : मास्तर, माझ्यासमोर वही उघडी आहे. पहिले चार महिने बघा. बारा, साडेअकरा, बारा, साडेबारा. श्वास चाललाय. मग पुढचे एकवीस दिवस, चौदा, चौदा, चौदा. टेकडी श्वास घ्यायची थांबली. खरा आकडा सांगा.

मास्तर : मोजायला जावं लागेल.

मातीवाली : नाही, परसात जाऊ नका! सकाळी मोजलंत ना? तुम्ही न मोजता राहणार नाही, मला माहीत आहे.

मास्तर : चारशे सत्तेचाळीस.

मातीवाली : आणि काल?

मास्तर : एक्केचाळीस. परवा सदतीस. सगळं आहे माझ्याकडे. शिलाईच्या वहीत मागच्या पानावर रोजचं लिहिलंय. मोजायचं सोडलं नाही मी. फक्त तुम्हाला सांगायचं सोडलं.

मातीवाली : का, मास्तर?

मास्तर : का, ते तुम्हाला माहीत आहे. शिव्या घाला मला. उभ्या आयुष्यात कुणाचं माप चुकवलं नाही, आणि या वयात…

मातीवाली : मी नाही शिव्या घालणार. एकवीस दिवस एकच आकडा. पहिल्या वर्षाच्या मुलालाही कळलं असतं. मी बघितलंच नाही. मला मुलाखतीची घाई होती, सामान बांधायची घाई होती. तुम्ही चौदा म्हणालात की मला बरं वाटायचं. सुटले, वाटायचं. तेव्हा खोटं आपण दोघांनी मिळून केलंय. आता दोघांनी मिळूनच निस्तरू. निघा तिथून.

मास्तर : आजच?

मातीवाली : आत्ता. वरच्या तिन्ही घरांनाही सांगा. मी नगरपालिकेच्या माणसांना घेऊन तासाभरात पोचते.

मास्तर : हिला काय सांगू?

काकू : मला काही सांगू नका. मी दोन पिशव्या भरून उंबऱ्याशी बसले आहे.

मास्तर : अगं… तू कधी भरल्यास?

काकू : तुम्ही नदीखालच्या नोकरीचं ऐकून रडलात, त्या दिवशी. चला आता. मशीन कोण उचलणार? शेजारच्यांना हाक मारा.

* * *

मास्तर : पोरी, गेलं.

मातीवाली : कधी?

मास्तर : आज दुपारी, तीनच्या सुमारास. परस, नळ, स्वयंपाकघर. पुढची अर्धी खोली उभी आहे अजून, भिंतीवर कॅलेंडर आहे. वरची दोन घरं तर पूर्ण. तिसरं वाकलंय.

मातीवाली : माणसं?

मास्तर : सगळी इथे शाळेत. तीन दिवस तुझ्या नावाने खडे फोडत होती, की उगाच घराबाहेर काढलं. आता कुणी काही बोलत नाही. एकाने मघाशी मला नुसतंच पाणी आणून दिलं.

मातीवाली : काकू कशा आहेत?

मास्तर : बाकावर बसली आहे माझा शर्ट धरून. मी वळणावरून बघत होतो, म्हणून विचारत होती, आवाज कसा होता. मी म्हटलं, जाड कापड फाडताना येतो ना, तसा. फक्त ते कापड संपतच नव्हतं. तू रडतेस का?

मातीवाली : नाही. हो. मास्तर, तुमची ती वही शाबूत आहे ना?

मास्तर : मशीनच्या खणात होती. मशीनचं एक टोक तूच नाही का उचललंस? का गं?

मातीवाली : माझ्या तीन वर्षांच्या कामापेक्षा तुमचं ते मागचं पान मोलाचं आहे. टेकडी कशी हळूहळू वेग घेते ते दिवसागणिक आहे त्यात. मी सांगितल्यावर सर म्हणाले, यंत्रांनीसुद्धा असं क्वचित मिळतं. संशोधन केंद्रात एक जागा निघते आहे, तीन वर्षांची. अशा तीस उतारांवर लक्ष ठेवायचं. मी अर्ज केला, आज मुलाखत झाली.

मास्तर : आणि नदीखालचं?

मातीवाली : त्यांच्याकडे महिन्याभराची मुदत मागितली आहे. तिथे या जागेच्या तिप्पट पगार आहे. आईने हे ऐकल्यापासून अबोला धरलाय. काय करू, मास्तर?

मास्तर : मला विचारतेस? खोटं माप सांगणाऱ्याला?

मातीवाली : मुलाखतीत हेच विचारलं त्यांनी. तिथल्या लोकांनाच मोजायला लावायचं म्हणता, आणि लोक खोटं बोलले तर? मी म्हटलं, बोलतील. घर जाणार असेल तर मीही बोलेन. म्हणून आकडा मागायच्या आधी त्यांच्या दुसऱ्या घराची सोय तयार हवी. आणि रोज फोन करणाऱ्याने नुसता आकडा ऐकायचा नाही, आवाजही ऐकायचा.

मास्तर : मग काय म्हणाले?

मातीवाली : एकमेकांकडे बघितलं. मग एक म्हातारे प्राध्यापक म्हणाले, हे अर्जात लिहिलेलं नाही. मी म्हटलं, मला मंगळवारीच कळलं, तुम्ही खरा आकडा सांगितलात तेव्हा.

मास्तर : जाशील तिथे शहाणपण वापरशील तू. पण नदीखाली बोगदा खणायला पुष्कळ येतील, पोरी. आमच्यासारख्यांना रोज आठ वाजता फोन कोण करणार? हे मी माझ्या स्वार्थाने बोलतोय हं. ते हिशेबात धरू नकोस.

मातीवाली : माहीत आहे. म्हणूनच तुम्हाला विचारलं.

* * *

काकू : कशाची मजेत गं! या नव्या घराच्या भिंती फार लांब लांब. पहिल्या आठवड्यात तीनदा कपाळ आपटलं. हे म्हणाले, सगळीकडे दोऱ्या बांधतो. म्हटलं, मी काय वाळत घातलेलं कापड आहे? आता ओट्यापासून दारापर्यंत जमतं. नळ अजून हुलकावणी देतो. जमेल. आई बोलते का तुझी?

मातीवाली : बोलते, पण पगाराचा विषय निघाला की भांडी जोरात ठेवते. मास्तर आले का परत?

काकू : आत्ताच आले. सकाळपासून त्या दुसऱ्या टेकडीवर होते, तुझ्या माणसांना मोजायला शिकवायला. या वयात नवी नोकरी! धूळ घेऊन आलेत घरभर. घ्या हो, तुमची साहेबीण.

मास्तर : साहेबीण, बारा जण होते. सहा जणांचा हात बरा आहे. दोघे तर डोळे मिटून आकडे ठोकतात, त्यांच्यावर लक्ष ठेव.

मातीवाली : ठेवते. बाकी?

मास्तर : बाकी एक बाई होती, माझ्या लेकीच्या वयाची. सासरे अंथरुणाला खिळलेले, दोन लहान मुलं. सगळे गेल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाली, काका, खरं सांगा, आकडा वाढला तर आम्हाला घराबाहेर काढतील का?

मातीवाली : तुम्ही काय सांगितलंत?

मास्तर : हो म्हटलं. काढतील. कुठे ठेवतील तेही सांगितलं, आणि आमच्या हिला अजून नळ सापडत नाही तेही सांगितलं.

मातीवाली : मग?

मास्तर : मग रडली. मी बसलो तिच्याजवळ.

मातीवाली : मग?

मास्तर : मग उठली, तोंड धुतलं, आणि मोजायला गेली.