गतिरोधकावरचा धक्का

ड्रायव्हर: एकदाच, मावशी. शेवटचं. बस वळवते, बघते आणि येते.

मावशी: अगं, दोनदा जाऊन आलो आपण! दोन्ही वेळा मी खाली वाकून बघितलं. रस्ता स्वच्छ आहे.

ड्रायव्हर: गतिरोधकावरचा तो धक्का नेहमीसारखा नव्हता. चाकाखाली कुणी आलं असेल, लोकांनी उचलून दवाखान्यात नेलं असेल, तर?

मावशी: पाच मिनिटांत? आधी बाजूला घे. नशीब, पोरं शाळेत उतरलीत.

(बस कडेला थांबते. इंजिन घरघरत राहतं.)

मावशी: अकरा वर्षं या बसवर तुझ्यासोबत मदतनीस आहे मी. असं कधी केलं नाहीस. कधीपासून चाललंय हे?

ड्रायव्हर: सुट्टी संपल्यापासून. आधी गॅसचं बटण, मग दाराचं कुलूप. आता हे. काल घरी खोटं सांगून दोन तास याच रस्त्यावर पायी फिरले.

मावशी: आणि पाळी?

ड्रायव्हर: ती कुठून आली मध्येच?

मावशी: विचारते ते सांग.

ड्रायव्हर: तीन महिने पत्ता नव्हता. मग आली ती पंधरा दिवस हटेना. झोप नाही, बसल्या बसल्या घामाने चिंब होते.

मावशी: बाळंतपणानंतर झालं होतं असं काही?

ड्रायव्हर: थोडं. सारखी बाळाच्या नाकापाशी बोट धरायचे, श्वास चालतोय का म्हणून. तुम्हाला कसं कळलं?

मावशी: माझ्या बहिणीचं असंच. हात धुऊन धुऊन सालटी निघाली. आम्ही हसायचो, मेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाळी जायच्या सुमारास हार्मोन्स वरखाली होतात, काहींचा मंत्रचळ त्यात उफाळून येतो. त्यावर उपचार असतात.

ड्रायव्हर: शाळेला कळलं तर बस काढून घेतील हो.

मावशी: दुपारची फेरी दुसरा कुणी करेल. तुला बरं नाही, एवढंच सांगते मी. खोटं आहे का ते?

ड्रायव्हर: बरं. पण आधी सांगा, कुणाला लागलं नाही ना?

मावशी: सकाळपासून नऊ वेळा सांगितलं. आता नाही सांगणार.

ड्रायव्हर: मावशी, पाया पडते!

मावशी: बहिणीला सांगत बसले, तशी ती जास्तच विचारू लागली. डॉक्टरीणबाईंनी मलाच झापलं.

ड्रायव्हर: छाती फुटेल माझी.

मावशी: नाही फुटत. धडधडू दे. मी बसलेय इथे.

(ड्रायव्हर दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून ठेवते. बाजूने गाड्या निघून जातात.)

ड्रायव्हर: किती वेळ झाला?

मावशी: वीस मिनिटं.

ड्रायव्हर: अजून वाटतंय जावं मागे. पण मघासारखं नाही. बहीण बरी आहे आता?

मावशी: बरीच. मधूनच उचल खातं. मग फोन करून चार शिव्या घालते त्याला.

ड्रायव्हर: तुमच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना डावीकडेच ना?

मावशी: चौकातून डावीकडे.

ड्रायव्हर: मग निघताना सांगा मला, आरशात बघू नकोस म्हणून.

मावशी: बघ की! ड्रायव्हर आहेस, बघायलाच हवं. एकदा.