खडूची रेघ आणि मोठा टीव्ही

...नाही, पण मी म्हणते, घ्यायचा की नाही घ्यायचा, एवढं सांगायला माणसाला किती वेळ लागावा? तीन महिने! तुम्हाला सांगते, तीन महिने आमच्या घरात दुसरा विषय नाही. जेवताना टीव्ही, कपडे वाळत घालताना टीव्ही, मी शिलाई मशीनवर बसले तरी पायाखाली आपलं घ्या-नको, घ्या-नको, घ्या-नको... मशीनसुद्धा तेच बोलायला लागलं हो!

अन् मला काय हौस आहे का? हौस नाही, धास्ती! आमची भिंगरी, सहा वर्षांची पोर. नाव उगाच नाही पडलं, एका जागी म्हणून ठरत नाही. ठरते ती फक्त टीव्हीपुढे. आणि कशी? नाक काचेला! "अगं मागे सरक, डोळे जातील!" म्हटलं की वीतभर सरकते, मी गॅसकडे वळले की पुन्हा नाक काचेला. शेवटी मी कापडावर खुणा करायचा खडू घेतला आणि फरशीवर रेघ मारली. म्हटलं, ही ओलांडलीस तर याद राख! तर ही बया काय करते? पाय रेघेच्या अलीकडे ठेवून पालथी पडली. पाय अलीकडे, नाक काचेला! आता बोला!

माझ्या डोक्यात पक्कं बसलं, दोष पोरीचा नाही, टीव्हीचा. आमचा टीव्ही म्हणजे... काय सांगू, बातम्या बाई देतेय की बुवा, ते आम्ही आवाजावरून ओळखतो. त्या मुंग्यांमध्ये बघून बघून लेकराचे डोळे कसे टिकायचे? एचडी घेतला की चित्र स्वच्छ, चित्र स्वच्छ की पोर लांब बसणार, लांब बसली की डोळे वाचले! सरळ आहे की नाही?

पण सरळ काही आमच्या घरात चालतं होय? सासूबाई म्हणतात, "अगं, एवढं स्वच्छ कशाला बघायचंय? झाकली मूठ बरी. त्या नट्यांच्या सुरकुत्या मोजायच्यात का तुला?" आणि आमचे हे! म्हटलं, "अहो, घ्यायचा की नाही घ्यायचा, एवढंच सांगा." तर टॉवेल खांद्यावर टाकून म्हणतात, "बघू." बघू! अहो, लग्नाला सात वर्षं झाली, त्यातली पाच या 'बघू'त गेली माझी!

शेवटी मीच पदर खोचला आणि सगळी वरात दुकानात नेली. भिंतभर टीव्ही, सगळ्यांत एकच चित्र, तळ्यावर पक्षी. विकणारा गळ्यात टाय बांधून, पण तोंड मोकाट! "ताई, पक्ष्याचं पीस न् पीस मोजून घ्या! ते पाणी बघा, हात लावलात तर ओला होईल!" सासूबाईंनी खरंच हात लावला. आणि वर पदराला पुसला! हे म्हणाले, "बघू." मी म्हटलं, जिच्यासाठी घ्यायचा तिलाच विचारू. "भिंगरे, इथूनच बघ हं. किती पक्षी आहेत गं?"

"कुठे पक्षी?"

"अगं, ते काय समोर!"

तर ती माझा हात सोडून तरातरा गेली आणि... नाक काचेला. "हां, आहेत की! आई, हापण आपल्यासारखाच आहे गं. लांबून सगळा धुरकट."

तुम्हाला सांगते, भिंतभर टीव्ही लखलखत होते आणि माझ्या डोळ्यांपुढे अंधार. तीन महिने! तीन महिने मी त्या टीव्हीला शिव्या घातल्या, रेघा मारल्या, पोरीच्या पाठीत धपाटे दिले... आणि पोर बिचारी करणार काय? दिसतच नव्हतं तिला! आणि यांनी, जन्मात पहिल्यांदा, 'बघू' म्हटलं नाही. पोरीला कडेवर घेतलं, म्हणाले, "चला. डॉक्टरकडे."

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंना मी आधी तेच विचारलं, "टीव्हीनंच झालं ना हो?" त्या म्हणाल्या, "अहो, तिला लांबचं दिसत नाही, म्हणून ती टीव्हीजवळ जाते. तुम्ही उलटंच धरून बसलात." उलटंच! आणि मी रेघा मारतेय!

काल चष्मा आला. लाल काड्यांचा. पोरीनं घातला, दारात गेली आणि किंचाळली, "आजी, झाडाला सुटी सुटी पानं आहेत!" माझ्या डोळ्यांना जी धार लागली... मग वळली आणि माझ्याकडे बघत राहिली. टक लावून. मी आपले हात पसरले, म्हटलं, आता गळ्यात पडणार...

"आई, तू नेहमी अशी रागावलेलीच असतेस का गं?"

तेव्हापासून हसतेय. भाजी चिरताना हसते, बोटात सुई गेली तरी हसते. गाल दुखून आलेत हो! पण करता काय? पोरीला आता दिसतं ना!